युद्धाचा हिशेब द्या

फौजेत फायरिंग रेंजवर जेवढे राउंड मिळतात तेवढे खोखे, म्हणजे झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या, मोजून परत जमा करावे लागतात. गवतात उडाला, मातीत गेला, दगडाखाली घुसला, काहीही असो, शोधायचा. अंधार पडला तर टॉर्च लावून शोधायचा, अख्खी कंपनी रांगेत गुडघ्यावर बसून जमीन चाचपते आणि खोखा सापडल्याशिवाय गाडी हलत नाही. आणि जिवंत राउंड गहाळ झाला तर विचारूच नका, कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, ज्याच्या हातात होता त्याचं स्टेटमेंट, शेजारच्याचं स्टेटमेंट, कोतवाल्याचं, म्हणजे हत्यारखान्यावरच्याचं, स्टेटमेंट, सगळं लेखी, सगळ्यांच्या सह्या. आणि ते बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही, शस्त्र हातात दिलंय म्हटल्यावर हिशेब हा दिलाच पाहिजे.

पेन्शनवर आल्यावर वाचायला वेळ मिळाला आणि मी देशाचा १९४७ नंतरचा इतिहास, म्हणजे युद्धं कशी झाली त्यापेक्षा ती कुणी कशी ठरवली, हे वाचायला लागलो. आणि जसजसं वाचत गेलो तसतसा राग वाढत गेला. ज्या देशात एका राउंडसाठी जवानाला उभं करून जाब विचारतात त्याच देशात ज्यांनी हजारो जवान पाठवायचा निर्णय घेतला त्यांना आजवर कुणी समोर उभं करून पूर्ण जाब विचारलेला नाही. काँग्रेसला नाही, जनता दलाला नाही, भाजपला नाही. मी हे कुठल्या पक्षाच्या बाजूनं लिहीत नाहीये हे आधीच सांगतो कारण आजकाल दोन ओळी लिहिल्या की लोक विचारतात मेजर तुम्ही कुणाचे. (आमच्याकडं शिपाई असला तरी गावात त्याला मेजरच म्हणतात, हे साताऱ्याबाहेरच्यांसाठी.)

आमच्या जिल्ह्यात फौजी नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. अपशिंगे गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, परक्या राजासाठी परक्या मुलखात. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ ला साताऱ्यातच निघालं. आणि याच मातीत पत्री सरकारही झालं, क्रांतिसिंह नाना पाटलांचं, १९४३ पासून दोन-तीन वर्षं इंग्रजांचं राज्य गावागावात चालू दिलं नाही. माझ्या घरात तर दोन्ही होतं. आजोबा मराठा पलटणीत, इटलीत जर्मनांशी लढत होते, आणि आजीचा सख्खा भाऊ ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चात होता, ज्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि नऊ जण हुतात्मा झाले. लहानपणी मला कळायचं नाही की दोघांपैकी बरोबर कोण. आता वाटतं दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, पण पुस्तकात एकालाच जागा मिळाली, आणि आजोबांसारख्या लाखो लोकांचं काय करायचं हे नव्या देशाच्या पुढाऱ्यांना कधी नीट ठरवताच आलं नाही. फौजेकडं बघायची ती अवघडलेली नजर तिथून सुरू झाली असं माझं मत आहे, आणि त्याची किंमत पहिल्यांदा मोजली ती १९६२ च्या चीनच्या युद्धात.

बासष्टचं नाव काढलं की आता व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच नेहरूंना शिव्या सुरू होतात, किंवा दुसऱ्या बाजूनं नेहरूंना वाचवणं सुरू होतं. मला दोन्हीचा कंटाळा आलाय. काय झालं ते क्रमानं बघा ना.

१९५९ ला लष्करप्रमुख जनरल थिमय्या संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या ढवळाढवळीला कंटाळून राजीनामा देतात. नेहरू बोलावून घेतात, समजूत घालतात, राजीनामा मागे घ्यायला लावतात, आणि मग लोकसभेत उभं राहून त्याच थिमय्यांना बोल लावतात. वर्दीतल्या माणसाला यातून काय कळायचं? हेच की खरं बोललास तर एकटा पडशील. १९६१ च्या अखेरीस फॉरवर्ड पॉलिसी आली, म्हणजे पुढं पुढं छोट्या चौक्या टाकत जायचं, चीन काही करणार नाही असं गृहीत धरून. मागं रस्ता नाही, तोफखाना नाही, खच्चरं पुरत नाहीत, हवाई जहाजातून टाकलेलं सामान निम्मं दरीत जातंय. ज्या खालच्या अधिकाऱ्यांनी हे जमणार नाही म्हणून लिहून कळवलं त्यांचं ऐकलं नाही. जनरल कौल, ज्यांना लढाईत तुकडी चालवायचा अनुभव नव्हता पण दिल्लीत वजन होतं, त्यांना नव्या चौथ्या कोअरची कमान दिली. १२ ऑक्टोबर १९६२ ला नेहरू सिलोनला निघताना पत्रकारांना सांगून गेले की आपला मुलुख मोकळा करायचा हुकूम फौजेला दिलाय. विमानतळावर, पत्रकारांना! आणि २० ऑक्टोबरला पहाटे नामका चू नदीवर चिन्यांनी सातव्या ब्रिगेडला कापून काढलं. पोरांच्या अंगावर सुती कपडे होते, पायात कॅनव्हासचे बूट, त्या उंचीवर, त्या थंडीत. ब्रिगेडियर दळवी कैद झाले. कोअर कमांडर तेव्हा आजारी पडून दिल्लीत होते.

मी सियाचिनच्या बेसला ड्युटी केलेली आहे, थंडी म्हणजे काय ते मला कुणी सांगायची गरज नाही. कॅनव्हासच्या बुटात माणूस लढायच्या आधी बोटं गमावतो. त्यामुळं ते वाचताना मला झोप आली नाही हे खरं सांगतो.

आता हिशेबाचं बघा. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांना चौकशी दिली. पण चौकशी कशाची, तर ट्रेनिंगची, सामानाची, कमांडच्या पद्धतीची, जवानांच्या तब्येतीची, कमांडरांच्या कुवतीची. दिल्लीत सरकारनं काय ठरवलं, का ठरवलं, हे चौकशीच्या बाहेर. आणि एवढं करूनसुद्धा तो रिपोर्ट कपाटात गेला. तो कपाटात गेला तेव्हा संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण होते. २ सप्टेंबर १९६३ ला त्यांनी लोकसभेत त्यावर निवेदन केलं, मोजकं सांगितलं, आणि मूळ रिपोर्ट बाहेर आला नाही.

यशवंतरावांवर बोट ठेवलं की कऱ्हाड-सातारा-सांगलीत माणसं नाराज होतात, मला माहितेय. देवराष्ट्र्याच्या गरीब घरातलं पोर, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला हे आम्ही शाळेत घोकलंय. आणि ते खोटं नाहीये. मोडलेली फौज त्यांनी चार वर्षांत उभी केली, पहाडी डिव्हिजन उभ्या केल्या, सेनापतींना मान दिला, त्यांच्या कामात नाक खुपसलं नाही, १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे घुसले तेव्हा हवाई दल वापरायची परवानगी त्यांनी तिथल्या तिथं दिली, बासष्टला लढाऊ विमानं वापरायचं जे धाडस कुणी केलं नव्हतं. संरक्षणमंत्री म्हणून माझ्या मते त्यांच्या तोडीचे फार थोडे झाले. पण म्हणूनच वाटतं की त्यांनी तो रिपोर्ट उघडला असता तर पुढच्या सगळ्यांना तसं वागावं लागलं असतं. त्यावेळी फौजेचं खच्चीकरण नको, नेहरूंची पत जायला नको, ही कारणं समजू शकतो मी. पण पन्नास वर्षांनी तीच कारणं कशी लागू होतात?

२०१० ला काँग्रेसचे संरक्षणमंत्री अँटनी संसदेत म्हणाले की त्यातला मजकूर अतिशय संवेदनशील आहे आणि आजही कारवाईच्या दृष्टीनं कामाचा आहे. मार्च २०१४ ला एका परदेशी पत्रकारानं त्यातला बराच भाग इंटरनेटवर टाकून दिला, सगळ्या जगानं वाचला. तेव्हा विरोधी पक्षात असलेल्या अरुण जेटलींनी लिहिलं की अशी कागदं कायमची गुप्त कशाला ठेवायची. बरोबर बोलले. पुढं दोन महिन्यांत सरकार आलं, जेटली स्वतः संरक्षणमंत्री झाले, आणि जुलै २०१४ ला राज्यसभेत त्यांच्याच खात्याचं उत्तर आलं की रिपोर्ट उघड करणं देशहिताचं नाही. सरकार बदललं, खुर्चीवरचा माणूस बदलला, कपाटाची किल्ली कुणी फिरवली नाही. म्हणून म्हणतो मला पक्षात ओढू नका.

एक गोष्ट मात्र नेहरूंच्या बाजूची आहे आणि ती सांगितली नाही तर मीपण त्याच ग्रुपवाल्यांतला होईन. युद्ध चालू असताना, फौज मागं हटत असताना, ८ नोव्हेंबर १९६२ ला त्यांनी संसद बोलावली. कित्येक दिवस चर्चा झाली, दीडशेच्या वर खासदार बोलले, तरुण वाजपेयींपासून सगळे, तोंडावर बोलले. आणि २०२० ला गलवानमध्ये आपले वीस जवान गेले, पंतप्रधान १९ जूनला म्हणाले की आपल्या हद्दीत कुणी घुसलेलं नाही, मग हे वीस जण कुठं आणि कशासाठी मेले हा साधा प्रश्न माझ्यासारख्याला पडला, आणि सप्टेंबरमध्ये लोकसभेत संरक्षणमंत्र्यांचं निवेदन झालं पण त्यावर चर्चा होऊ दिली नाही. साठ वर्षांत आपण पुढं आलो का मागं गेलो? मोबाईलवर देशभक्तीचे व्हिडिओ भरपूर आले, संसदेत प्रश्न विचारायची जागा मात्र कमी झाली.

सियाचिनचं वर बोललो तर ते पण सांगून टाकतो. १९४९ च्या कराची करारात युद्धबंदी रेषा आखताना एनजे ९८४२ या पॉईंटला येऊन थांबले आणि पुढं लिहिलं, तिथून उत्तरेला हिमनद्यांकडे. बस्स. वर माणूस जाणारच नाही तर रेषा कशाला, असा विचार. १९७२ ला सिमला करारानंतर नवी ताबारेषा आखली तेव्हासुद्धा पुढची रेघ ओढली नाही. १९८४ च्या एप्रिलपासून आपली पोरं त्या न ओढलेल्या रेघेवर बसलीत आणि शत्रूच्या गोळीपेक्षा बर्फानंच जास्त गेलीत. २०१६ च्या फेब्रुवारीत हिमकड्याखाली दहा जण गेले त्यात आमच्या माण तालुक्यातलाही एक होता.

काश्मीरमधल्या हाजीपीर खिंडीचं लोक मला नेहमी विचारतात. अठ्ठावीस ऑगस्ट पासष्टला पोरांनी जीव टाकून घेतलेली खिंड ताश्कंद कराराच्या टेबलावर पाकिस्तानला परत का दिली? माझं मत थोडं वेगळं आहे. छांबचा भाग आणि खेमकरण पाकिस्तानच्या हातात होतं, ते परत घ्यायचं तर काहीतरी सोडावं लागणार होतं, शास्त्रीजींसमोर सोपा रस्ता नव्हता. मला राग निर्णयाचा नाही. राग याचा आहे की हे गणित लोकांसमोर कुणी मांडलंच नाही, शास्त्रीजी तिथंच रात्री गेले आणि विषय त्यांच्या मृत्यूच्या चर्चेतच बुडाला. ज्यांची पोरं त्या खिंडीत राहिली त्यांना कुणीतरी बसून सांगायला हवं होतं की बाबा, बदल्यात हे मिळालं.

आता लंका. हे लिहायला मी बरेच दिवस टाळत होतो.

ऐंशीच्या दशकात भरती झालो, ट्रेनिंग संपून पलटणीत रुळलो, आणि १९८७ ला हुकूम आला. २९ जुलैला राजीव गांधी आणि लंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्यात करार झाला आणि आपली शांती सेना निघाली. आम्हाला काय सांगितलं होतं, तर लढाई नाहीये, लंकेचं सरकार आणि तमिळ बंडखोर या दोघांच्या मध्ये उभं राहायचं, हत्यारं जमा करून घ्यायची आणि परत यायचं. पलालीच्या धावपट्टीवर उतरलो तेव्हा तमिळ लोकांनी हार घातले, बायकांनी ओवाळलं. आम्हाला तमिळचा एक शब्द येत नव्हता, हसून हात जोडायचो. बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं की ज्या टायगर, म्हणजे एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेच्या, पोरांकडून हत्यारं घ्यायची त्यांना १९८३ पासून आपल्याच देशात, आपल्याच सरकारच्या गुप्तचर खात्यानं कॅम्प लावून शिकवलं होतं. हे मी नंतर वाचलं. तिथं असताना फक्त एवढं जाणवायचं की ही पोरं आपल्यासारखी लढतात, आपण काय करणार ते यांना आधी कळतं. ऑक्टोबरमध्ये सगळं फिसकटलं आणि ऑपरेशन पवन सुरू झालं. हातात आमच्या एसएलआर, लांब आणि जड, एक गोळी एक दाब, समोर एके-४७. नकाशे जुने. रस्त्यात कुठं सुरुंग आहे कळायचं नाही, गाडी गेली की खड्डा आणि खड्ड्यात काही ओळखू येत नाही असं. आमचं वायरलेसवरचं बोलणं ते ऐकत होते. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानात हेलिकॉप्टरनं तेरा सिख लाइट इन्फंट्रीचे तीस जण उतरवले, पुढची हेलिकॉप्टरं येऊ शकली नाहीत, सकाळपर्यंत ते लढले. तीसपैकी एकोणतीस गेले, एक कैद झाला. मेजर परमेश्वरन, आठ महार, आपल्या मुंबईत जन्मलेला माणूस, छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं, परमवीर चक्र मिळालं, मरणोत्तर. तीन वर्षांत अकराशेहून जास्त जवान गेले.

आणि हिशेब म्हणतोय तर पूर्ण हिशेब म्हणतोय मी, आमच्या अंगावर येणारा पण. २१ ऑक्टोबरला जाफनाच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, नर्स, पेशंट मारले गेले आणि तिथली माणसं आजही त्याचा दोष आपल्या फौजेला देतात. मी तिथं नव्हतो. पण त्याचीही नीट चौकशी होऊन खरं काय ते बाहेर यायला पाहिजे होतं, कारण ती झाली नाही तर तिथं असलेल्या आणि नसलेल्या सगळ्याच जवानांवर तो डाग राहतो.

माझ्या सेक्शनमधला एक जण, शेजारच्याच तालुक्यातला, वयानं माझ्याहून लहान, सुरुंगात गेला. त्याची ट्रंक घेऊन मी सुट्टीवर येताना त्याच्या घरी गेलो. आई आतच बसून होती, बाहेर आली नाही. वडील ओसरीवर होते. त्यांनी ट्रंक उघडली नाही, पाणी दिलं, बराच वेळ गेला आणि मग विचारलं, "मेजर, समदं बरोबर हाय, फौजेत गेल्यावर हे व्हायचंच. पर आपलं भांडान कुणाशी हुतं तिथं? सिंहली लोकांशी का तमिळ लोकांशी?" मी म्हटलं, "आबा, भांडण नव्हतं, आपण मिटवायला गेलतो." ते म्हणाले, "मग मिटलं का?"

मला उत्तर देता आलं नाही. आज उत्तर देता येईल इतकं वाचलंय, पण ते आता नाहीत.

कारण मिटलं नाहीच. ज्या लंकेच्या सरकारनं बोलावलं त्याच देशात प्रेमदासा अध्यक्ष झाले आणि आम्हाला निघून जायला सांगितलं, वर टायगरना हत्यारं पुरवली, आमच्या विरोधात वापरायला. इकडं दिल्लीत सरकार बदललं, व्ही. पी. सिंग आले, २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. आपल्याच देशात, आपल्याच बंदरावर. मी ती बातमी छावणीत ऐकली. आमच्यातल्या एका जुन्या सुभेदार साहेबांनी रेडिओ बंद केला आणि कुणी काही बोललं नाही. पुढं २१ मे १९९१ ला त्याच टायगरनी राजीव गांधींना मारलं. त्या खुनाची चौकशी झाली, आयोग बसले, व्हायलाच पाहिजे होतं. पण अकराशे जवान कुठल्या निर्णयामुळं गेले, गुप्तचर खातं एका हातानं ज्यांना शिकवत होतं त्यांच्यावर परराष्ट्र खातं दुसऱ्या हातानं करार लादत होतं, हे कुणाला माहीत होतं आणि लष्करप्रमुखांनी काय सल्ला दिला होता, यावर आयोग बसला नाही. तमिळांना न्याय मिळावा, त्रिंकोमालीच्या बंदरात परके येऊ नयेत, हे हेतू चांगले होते असं मी मानतो. हेतू चांगला असला की चौकशी नको, असा नियम फौजेत नाही. मग दिल्लीत कशाला?

आणखी एक गोष्ट टोचते. लंकेनं कोलंबोजवळ आमच्या मेलेल्या जवानांचं स्मारक २००८ ला उभं केलं, नावं कोरली. आपलं दिल्लीतलं राष्ट्रीय युद्ध स्मारक फेब्रुवारी २०१९ ला उघडलं. ज्या सरकारनं बांधलं त्याला मी मनापासून धन्यवाद देतो. पण स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं, एवढे पंतप्रधान होऊन गेले, एवढी जमीन दिल्लीत प्रत्येकाच्या समाधीला मिळाली, आणि जवानांची नावं लिहायला एक भिंत मिळत नव्हती.

जनरल वैद्यांचं नाव आजकालच्या पोरांना माहीत नसतं. अरुणकुमार वैद्य, मराठी माणूस, दोनदा महावीर चक्र, १९८४ ला लष्करप्रमुख. पंजाबात राजकारणासाठी शीख अतिरेक्यांचे म्होरके भिंद्रनवाले यांना कुणी मोठं केलं, अमृतसरच्या सुवर्ण मंदिरातल्या अकाल तख्तात मशिनगन लागेपर्यंत पोलीस आणि सरकार काय करत होतं, हा सगळा गुंता वर्षानुवर्षं पुढाऱ्यांनी केला आणि शेवटी जून १९८४ ला फौजेला सांगितलं आत जा. सरकारच्याच श्वेतपत्रिकेत ८३ जवान गेल्याचं लिहिलंय, आत मेलेल्या सामान्य भाविकांचा आकडा तर आजही वादात आहे. शीख पलटणींत बंड झालं, जे फौजेच्या काळजावर झालेलं घाव आहे, माझे शीख मित्र आजही त्यावर बोलताना खाली बघतात. आणि वैद्य रिटायर होऊन पुण्यात राहायला आले, १० ऑगस्ट १९८६ ला स्वतः गाडी चालवत असताना त्यांना गोळ्या घातल्या. हुकूम त्यांचा नव्हता, पाळणारे ते होते.

१९९९ च्या कारगिल युद्धाबद्दल एक गोष्ट चांगली झाली की निदान समिती बसली, सुब्रह्मण्यम समिती, आणि तिचा रिपोर्ट फेब्रुवारी २००० ला संसदेत ठेवला. पण त्यातली बरीच पानं आणि परिच्छेद काळे करून. फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोरला बस गेली आणि त्याच वेळी डोंगरावर पाकिस्तानी चढत होते, हे कुणाच्या नजरेतून सुटलं? ५२७ जण गेले आणि एकाही मंत्र्यानं, एकाही गुप्तचर प्रमुखानं खुर्ची सोडली नाही. सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांसाठी मिळून एक प्रमुख, नेमायची शिफारस त्यानंतर लगेच २००१ मध्ये झाली होती, पहिला सीडीएस मिळाला १ जानेवारी २०२० ला. वीस वर्षं फाईल फिरली.

वन रँक वन पेन्शनवर, म्हणजे सारखी रँक आणि सारखी सेवा असली तर सारखी पेन्शन या मागणीवर, मी जास्त लिहीत नाही, त्यावर आमच्या लोकांनी भरपूर लिहिलंय. फक्त १४ ऑगस्ट २०१५ विसरता येत नाही, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी जंतरमंतरवर मेडल लावून बसलेल्या म्हाताऱ्या सैनिकांना पोलिसांनी ओढून बाजूला केलं. आमच्यातले दोघं तिथं होते, ते परत आल्यावर महिनाभर कुणाशी नीट बोलत नव्हते.

आणि अग्निपथ, फौजेतली नवी भरती योजना. १४ जून २०२२ ला जाहीर झालं. त्याआधी दोन वर्षं भरती बंद होती, आमच्या खटाव-माण-कोरेगावच्या रस्त्यांवर पहाटे चारला पळणारी पोरं होती, काही जणांचं ग्राउंड आणि मेडिकल दोन्ही झालं होतं, फक्त लेखी परीक्षा राहिली होती. त्यांची ती भरती रद्दच झाली. वय निघून गेलं. मी स्वतः सकाळी ग्राउंडवर शिट्टी घेऊन उभा असतो म्हणून मला त्या पोरांची तोंडं पाठ आहेत. योजना चांगली का वाईट यावर वाद होऊ शकतो, पेन्शनचा बोजा खरा आहे, जवान तरुण पाहिजे हेही खरं. पण चार वर्षं सेवा आणि शंभरातल्या पंचवीस जणांनाच कायम, एवढा मोठा बदल, आणि त्याआधी संसदेत चर्चा नाही? ज्या गावांनी शंभर वर्षं पोरं दिली त्या गावांना कुणी विचारलं नाही.

काही जण म्हणतील मेजर, मग फौजेच्याच हातात सगळं द्यायचं का? अजिबात नाही. शेजारी पाकिस्तान बघा, जनरल लोकांनी राज्य करून काय केलं देशाचं. हुकूम लोकांनी निवडून दिलेल्यांचाच चालला पाहिजे, ही आपल्या देशाची सगळ्यात मोठी कमाई आहे आणि तिला मी सलाम करतो. आणि आमचेपण सगळे धुतल्या तांदळाचे नाहीत. बासष्टला दिल्लीला खूश ठेवायला नाही म्हणायचं टाळलं ते वर्दीतलेच होते. लंकेत तयारी नसताना होऊन जाईल म्हणणारे वर्दीतलेच होते. रिटायर झाल्या झाल्या पक्षाचा गमछा गळ्यात घालून टीव्हीवर ओरडणारे जनरल बघितले की मला लाज वाटते. त्यांचंही नाव त्या हिशेबात यायला पाहिजे.

जून २०२१ ला संरक्षण खात्यानं एक धोरण काढलं, चांगलं धोरण आहे, की युद्धांची आणि ऑपरेशनची कागदपत्रं साधारण २५ वर्षांत खुली करायची आणि अधिकृत इतिहास पाच वर्षांत लिहून तयार करायचा. लंकेला २५ वर्षं होऊन दहा वर्षं गेली. कारगिलची २५ वर्षं २०२४ लाच झाली. बासष्टचं तर बोलायलाच नको.

म्हणून आमच्या तालुक्यातल्या माजी सैनिकांनी ठरवलंय की खासदारांना लेखी निवेदन द्यायचं, त्यांनी ते संसदेत प्रश्न म्हणून विचारावं. मागण्या तीनच ठेवल्यात. हेंडरसन ब्रुक्स रिपोर्ट पूर्ण खुला करा. ऑपरेशन पवनची कागदपत्रं आणि त्यावेळच्या मंत्रिमंडळाच्या बैठकांची टिपणं खुली करा. कारगिल समितीची काळी केलेली पानं पुन्हा तपासून जेवढी देता येतील तेवढी द्या. मसुदा मी लिहिलाय, एका वकील मित्राकडून भाषा बघून घेतलीय. ज्यांना सही करायचीय त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहाला ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्यासमोरच्या झाडाखाली यावं, पेन्शनचे कागद किंवा झेरॉक्स काही लागत नाही, आर्मी नंबर, रँक आणि पलटण लिहायची. वीरपत्नी आणि वीरमातांची सही आधी घेणार आहोत, त्यांना आणायला गाडीची सोय केलीय, लांबच्या गावच्यांनी शनिवारपर्यंत मला फोन करून ठेवा.